मधल्या म्युझिकवर श्रोते पांगतात, तेव्हा काय तपासायचं

तुमचा प्रश्न मी असा समजलो. सहा जणांचा बँड, इंदूरचाच: गायिका, गिटार, कीबोर्ड, बेस, ढोलकी आणि ऑक्टोपॅड. स्वतः बांधलेलं एक मराठी गाणं, केरवा तालात, टेम्पो ९६ (मिनिटाला ९६ मात्रा). मुखडा झाला की गिटारचा १६ बारचा पीस, म्हणजे मधलं म्युझिक (एक बार चार मात्रांचा), मग पहिला अंतरा, पुन्हा तोच पीस, दुसरा अंतरा, मुखडा आणि शेवट. गणेशोत्सवात दोन मंडळांत वाजवलंत. दोन्हीकडे पीस सुरू झाला की लोक आपसात बोलायला लागले, मोबाइल निघाले, आणि मुखडा आल्यावर माना पुन्हा वर झाल्या. एक मित्र म्हणतो, पीस चार बारचा करून टाका. दुसरा म्हणतो, ब्रेकडाउन घाला (वाद्यं थोडा वेळ काढून घेऊन एकदम परत आणायची), हल्ली सगळ्या गाण्यांत असतो. तुम्हाला हवंय ते एवढंच, की बार किती ठेवायचे आणि ब्रेकडाउन कुठे घालायचा.

मी इथल्या ऑर्केस्ट्रात बरीच वर्षं अकॉर्डियन आणि कीबोर्ड वाजवतो आणि गाण्यांचं अरेंजिंगही करतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या कामातला आहे. बारचा आकडा मी सांगेन, पण नुसत्या आकड्याने तुमचं काम होणार नाही. ९६ च्या टेम्पोला चार मात्रांचा बार अडीच सेकंदांत संपतो. १६ बार म्हणजे ४० सेकंद. आपले लोक ४० सेकंद वाद्यं ऐकत नाहीत असं अजिबात नाही, पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलेत. तुमच्या गाण्यात अडचण वेगळी दिसते. मुखडा संपल्यावर गायिका गप्प होते आणि बाकी सगळं जसंच्या तसं चालू राहतं: तेच कॉर्ड, तीच ढोलकी, तोच बेस, वर गिटार. श्रोत्याला वाटतं, गाणं थांबलंय, पुढे सुरू होईल. तो मध्ये बोलून घेतो, त्यात त्याचा काही दोष नाही.

मधल्या म्युझिककडे मी असं बघतो. ऐकणाऱ्याकडून काहीतरी काढून घ्यायचं, ते गेलंय हे त्याला जाणवू द्यायचं, आणि मग नेमक्या मात्रेवर ते परत द्यायचं. काय काढायचं, किती वेळ दूर ठेवायचं आणि कशाच्या आधाराने परत आणायचं, हे तीन निर्णय झाले की बारचा आकडा बहुतेक आपोआप ठरतो. पीस लांब असो वा आखूड, हे निर्णय न घेता तो वाजवला तर लोक उठणारच.

यातलं बरंच कुठे वाजवताय त्यावर अवलंबून आहे, तेही सांगतो. इथल्या रवींद्र नाट्यगृहात तिकीट काढून बसलेला माणूस सूर बारकाईने ऐकतो, तिथे बासरीचा एकच स्वर धरून ठेवला तरी चालतो. गणपतीच्या मांडवात मागे जनरेटर चालू असतो, पोरं पळत असतात, आरतीच्या वेळेवरून कार्यकर्त्यांची धावपळ असते. तिथे बारीक काम ऐकूच जात नाही. लग्नाच्या संगीतात लोक पायांनी ऐकतात. आणि तुम्ही गाणं रेकॉर्ड करून लोकांच्या मोबाइलवर पोचवणार असाल तर हिशोब आणखी वेगळा. एकच अरेंजमेंट चारही ठिकाणी चालवायचा हट्ट धरू नका. आम्ही मांडवासाठी आणि नाट्यगृहासाठी त्याच गाण्याचे दोन वेगळे कागद ठेवतो.

आता पीस तपासायची माझी पद्धत. सगळी साथ बंद करा. फक्त पीसची धून हार्मोनियमवर, एका हाताने, भात्यात जोर न देता वाजवा. समोर घरचं कोणीतरी बसवा, संगीत न शिकलेलं. दुसऱ्यांदा वाजवताना ती व्यक्ती गुणगुणायला लागली तर धून आहे. नाही लागली तर तुमच्याकडे स्केल आहे, बोटांचं कसब आहे, पण धून नाही. बँडमधली गिटार बऱ्याचदा इथे अडते. सोलो वाजवणारा चांगला असतो, पण त्याने वाजवलेलं कोणालाही गाता येत नाही.

१९५४ च्या ‘नागिन’मधली बीन आठवा. संगीत हेमंतकुमारांचं. ती बीन खरी बीन नव्हतीच, संगीतकार कल्याणजींनी क्लॅव्हियोलिन नावाच्या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर ती वाजवली आणि जोडीला संगीतकार रवींचं हार्मोनियम होतं. आजही आमच्या कार्यक्रमात ते गाणं निघालं की शिट्ट्या गाण्याच्या ओळींपेक्षा बीनच्या जागेला जास्त पडतात. कारण तपासून बघा. सूर थोडे आहेत आणि जवळजवळचे आहेत, त्यामुळे ते कोणालाही गुणगुणता येतात. पण त्याचा आवाज असा आहे की कोणत्याही गायकाच्या गळ्यातून तो निघणार नाही. गाता येण्यासारखी धून आणि गळ्यातून न निघणारा आवाज हे दोन्ही एकत्र आले की श्रोत्याला गायकाची अनुपस्थिती खटकत नाही, त्याला दुसरं कोणीतरी बोलताना ऐकू येतं. तुमच्या गाण्यात मुखडा गायिका मधल्या पट्टीत गाते आणि गिटारही बहुतेक त्याच पट्टीत सोलो घेत असणार. गिटार एक सप्तक वर न्या, किंवा धून कीबोर्डवर शहनाई किंवा मेंडोलिनच्या आवाजात द्या आणि गिटारला तिचं उत्तर द्यायला ठेवा. एवढ्यानेही फरक जाणवेल.

जुन्या लोकांचं हे काम इतकं घट्ट का होतं, याला एक साधं कारणही आहे. ७८ आरपीएमच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटं मावायची. तेवढ्यात मुखडा, दोन-तीन अंतरे आणि मधलं सगळं म्युझिक बसवायचं. एकही बार फुकट घालवणं परवडत नव्हतं. सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे गोव्याकडचे अरेंजर पाश्चात्त्य पद्धतीच्या स्टाफ नोटेशनमध्ये प्रत्येक वाद्याचा कागद लिहायचे, म्हणून व्हायोलिनचा ताफा कुठे येतो, एकटं वाद्य कुठे उत्तर देतं आणि सगळे कुठे थांबतात हे आधी ठरलेलं असायचं. त्या काळची गाणी ऐकताना एकदा फक्त मधल्या म्युझिकचे बार मोजत बसा. एकच वाद्य सुरुवातीपासून शेवटपर्यंत पीस ओढत नेतंय, असं फार क्वचित सापडेल. चार बार एकाचे, चार दुसऱ्याचे, आणि शेवटचे दोन बार गायकाला हाताला धरून आणायचे.

या शेवटच्या दोन बारांवर मी सर्वात जास्त वेळ घालवतो, तुम्हीही घालवा. बहुतेक पीस सुरुवातीला छान असतात आणि शेवटी नुसते संपतात. अंतरा कोणत्या सुरावर सुरू होतो ते आधी बघा. समजा तो पंचमावरून (प) उठून तार षड्जाकडे (वरच्या सा कडे) जातो. मग पीसमध्ये तार षड्ज आधीच ठासून वाजवू नका. वाद्याने तो सूर खर्च केला की गायिकेने तिथे पोचण्यात नवं काही उरत नाही. पीस गंधार-मध्यमापर्यंत (ग-म) चढवा आणि पंचमाच्या उंबऱ्यावर सोडून द्या. उरलेलं तिचं आहे. दुसरं, अंतरा समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) सुरू होतो की समेच्या आधी? तुमच्या ओळीचे पहिले दोन शब्द समेच्या आधीच्या दोन मात्रांत येत असतील, तर त्या मात्रांवर वाद्यांनी हात उचललाच पाहिजे. ढोलकीवाला नेमका तिथे तिहाई (तीनदा वाजवायचा तुकडा) घेतो, ऑक्टोपॅडवाला तिथेच रोल मारतो, आणि गायिकेचा पहिला शब्द त्या गदारोळात बुडतो. तिहाई घ्यायचीच तर एक बार आधी संपवा. आमच्याकडे एक नियम आहे: गायकाने मोजायचं नाही. पीस असा लिहिलेला असावा की डोळे मिटून बसलेल्या गायकालाही आत यायची जागा कळावी. तुमची गायिका बोटांवर बार मोजत उभी असेल तर पीसचा शेवट पुन्हा लिहा.

आता ब्रेकडाउन. तुमच्या मित्राचा सल्ला चुकीचा नाही, पण तो उपाय दुसऱ्या दुखण्यावरचा आहे. मधल्या म्युझिकमध्ये आवाजाची जागा वाद्यं घेतात. ब्रेकडाउनमध्ये वाद्यंच काढून घेतात, एकेक करत किंवा एका फटक्यात, आणि मग सगळी एकदम परत येतात. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये ११ ऑगस्ट १९७३ च्या ज्या पार्टीपासून हिप-हॉपचा इतिहास सांगायला सुरुवात करतात, तिथे डीजे कूल हर्कचं सगळं लक्ष नाचणाऱ्यांकडे होतं. फंक या नाचाच्या संगीताच्या रेकॉर्डमध्ये बाकी वाद्यं थांबून नुसता ड्रम उरतो त्या जागेसाठी पोरं थांबून राहतात, हे त्याने हेरलं होतं. ती जागा काही सेकंदांची, म्हणून त्याने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर लावून ती लांबवली. १९६९ मध्ये द विन्स्टन्स या बँडच्या एका रेकॉर्डवर ग्रेगरी कोलमन या ड्रमरने वाजवलेला चार बारचा तुकडा जेमतेम ७ सेकंदांचा आहे, आणि त्याच्यावर पुढे नाचाच्या संगीताचा एक अख्खा प्रकार उभा राहिला. चार बार. मोकळ्या सोडलेल्या जागेत किती ताकद असते त्याचं याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही.

हे बाहेरून शिकायची गरज आहे असंही नाही. ठुमरी-दादऱ्यात गायक मुखड्यावर थांबतो आणि तबलजी लग्गी (जलद लयीतलं वादन) घेतो, तेव्हा सगळी मैफल पुढे सरकून बसते. भजनात मृदंग हात राखतो, नुसते टाळ आणि टाळ्या उरतात, मग गजरावर मृदंग दुगुनीत (दुप्पट लयीत) परत येतो आणि मागे बसलेला माणूसही उभा राहतो. या इंदुरात नानासाहेब पानशांच्या पखवाजाची परंपरा रुजलेली. हात कधी उचलायचा याचं शिक्षण आपल्या तालवाद्यांत पहिल्यापासून आहे.

तुमच्या गाण्यात ब्रेकडाउनची जागा माझ्या मते एकच आहे: दुसरा अंतरा संपल्यावर, शेवटच्या मुखड्याच्या आधी. त्याच्या आधी घालू नका. लोकांच्या अंगात लय पुरती मुरलेली नसेल तर ती काढून घेतल्याचं त्यांना कळतच नाही. आणि एका गाण्यात एकच.

काय काढायचं? पहिला बेस. खालचे सूर माणूस कानांपेक्षा छातीने ऐकतो, म्हणून बेस गेला की पोकळी लगेच जाणवते आणि परत आला की अंगावर येतो. त्याच्यासोबत कीबोर्डचे लांब धरलेले कॉर्ड काढा. लयीचा एक धागा मात्र कायम ठेवा: ढोलकीची चाट, किंवा नुसत्या टाळ्या, किंवा टाळ. सगळंच बंद केलंत तर नाचणारे पाय अडखळतात आणि परत येताना निम्मे लोक वेगळ्याच मात्रेवर असतात. या धाग्यावर गायिकेला मुखड्याची एकच ओळ गाऊ द्या, पूर्ण मुखडा नको. चार बार तशीच, पुढचे चार बार लोकांकडून. म्हणजे ८ बार, २० सेकंद. शेवटच्या बारच्या शेवटच्या दोन मात्रा पूर्ण शांत, धागासुद्धा बंद. मग समेवर सगळे. ती सव्वा सेकंदाची शांतता धीराने पाळा. तालमीत सगळ्यात जास्त वेळा हीच जागा मोडते, कारण कोणाचा तरी हात आधी पडतो.

मांडवात ब्रेकडाउन घेताना एक गोष्ट लक्षात ठेवायची. बहुतेक बँड त्या वेळी आवाज लहान करतात. नाट्यगृहात ते सुंदर वाटतं. मांडवात लहान आवाज म्हणजे जनरेटर मोठा. तिथे गाणं रिकामं करा पण हळू करू नका. टाळ्या आणि गायिकेचा आवाज पूर्ण ताकदीने चालू राहू द्या, फक्त भोवतालची वाद्यं जाऊ द्या. साउंडवाल्याला आधी सांगून ठेवा, नाहीतर वाद्यं थांबली की काहीतरी बंद पडलं असं समजून तो मिक्सरवर हात घालतो आणि सगळे परत येतात तेव्हा स्पीकरमधून शिट्टी वाजते. गाण्याचा कागद त्याच्याही हातात द्या, त्यावर ती जागा लाल पेनाने खूण करून.

रेकॉर्डिंगसाठी उलट काळजी. मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर बेस जवळजवळ ऐकूच येत नाही. म्हणजे तुमचा सगळा डाव ज्या बेसवर आहे तो परत आलाय हे मोबाइलवाल्याला कळणार नाही. म्हणून परतीच्या समेवर मधल्या पट्टीतलं काहीतरी नवीन जोडा, जे त्या क्षणापर्यंत गाण्यात नव्हतं: गिटारचा स्ट्रम, ढोलकीबरोबर हलगी, किंवा मागे दोघांचा कोरस. स्टुडिओच्या मोठ्या स्पीकरवर पास झालेलं मिक्स एकदा फोनवर, रस्त्याच्या गोंगाटात ऐका आणि मग ठरवा.

तुमच्या दोन पीसकडे परत येतो. पहिला ८ बारचा करा: चार बार धून, दोन बार दुसऱ्या वाद्याचं उत्तर, दोन बार परतीचे. दुसऱ्या अंतऱ्याआधी तोच पीस पुन्हा नको. लोकांना पहिला आठवत असतो, म्हणून दुसऱ्याची सुरुवात त्याच चार बारांनी करा आणि पुढे वाट बदला. इथे तुमच्या गिटारवाल्याला त्याचे १६ बार द्या. त्याच्यावर अन्याय नको, आणि कार्यक्रमात हाताचं कसब दिसलंही पाहिजे. अट एवढीच की सुरुवातीचे चार आणि शेवटचे दोन बार ठरलेले असावेत. मधल्या दहांत त्याने मनासारखं वाजवावं. त्या दहा बारांत बेस आणि ढोलकीने साथ कमी करावी, कारण मागे सगळे पूर्ण जोराने वाजवत असतील तर सोलो वाटत नाही, गर्दी वाटते.

त्या वेळी गायिका काय करते, हेही बघा. पीस सुरू झाला की गायक पाठ फिरवतो, पाणी पितो, पुढच्या गाण्याचा कागद शोधतो, हे मी सतत पाहतो. श्रोत्यांची नजर गायकावर असते. तो जिथे बघेल तिथे ते बघतात. त्याने पाठ फिरवली की त्यांनाही सुट्टी मिळते. गायिकेने एक पाऊल बाजूला व्हावं आणि गिटारवाल्याकडे मनापासून ऐकत बघत राहावं. मांडवात मोबाइल खाली ठेवायला लावणारा याहून स्वस्त उपाय मला सापडलेला नाही. इंदुरी श्रोता तसा मोकळा आहे. नाही आवडलं तर समोरून सरळ ओरडतो, ‘भिया, गाना आने दो’. पण आवडलं तर त्याच मोकळेपणाने पीसच्या मध्येच टाळी देतो. दोन्ही मी ऐकलंय, आणि बऱ्याचदा फरक वाजवण्यात नव्हता, स्टेजवर कोण कुठे बघत होतं त्यात होता.

एक अपवाद मात्र मानून चाला. तुमचं गाणं शब्दांवर उभं असेल, भावगीताच्या वळणाचं असेल, तर ब्रेकडाउनचा विचार सोडून द्या. भावगीत गायक अरुण दाते आपल्या इंदूरचे. त्यांच्या वळणाची गाणी इथे आजही फर्माइशीत येतात, आणि त्यात मधल्या म्युझिकचं काम ऐकलेली ओळ मनात उतरायला वेळ देणं हे आहे. तिथे ७२-७६ च्या टेम्पोला बासरी किंवा व्हायोलिनचे ८ बार, म्हणजे पंचविसेक सेकंद, पुरतात. त्या गाण्यात वाद्यं एकदम बंद करून लोकांकडून टाळ्या मागितल्या तर कवितेचा जीव जातो. टेम्पो ९६ असला तरी गाणं नाचाचं असेलच असं नाही. तुमचे शब्द मी वाचलेले नाहीत, ते तुम्हीच ठरवा. मुखडा टाळ्यांवर, वाद्यांशिवाय, पाच-सहा जणांकडून गाऊन घ्या. मजा आली तर ब्रेकडाउन चालेल. शब्द उघडे पडल्यासारखे वाटले तर नको.

तालमीत हे एकदम सगळं बदलू नका. आधी फक्त पहिल्या पीसचे शेवटचे दोन बार नीट करा आणि गायिका न मोजता आत येते का बघा. मग दुसरा पीस, आणि ब्रेकडाउन सर्वात शेवटी. प्रत्येक वेळी फोनवर रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी ऐका, त्याच दिवशी कान थकलेले असतात. गाण्याची पट्टी, अंतऱ्याचा पहिला सूर आणि तो कोणत्या मात्रेवर पडतो, एवढं लिहून पाठवलंत तर परतीच्या दोन बारांचं नोटेशन मी लिहून देईन.